आठ थरांचं माळवद

कवठाळीच्या भूकंपात बत्तीस माणसं गेली, आणि पहिले तीन महिने ती सगळी देवानं नेली होती. मग पुण्याहून यंत्र आलं.

देवानं नेलं म्हटलं की एक सोय असते, देवाबरोबर कुणाला एका घरात राहायचं नसतं. लोक रडले, तेराव्याला एकमेकांच्या शेडात जाऊन जेवले. पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्यांमध्ये या दारातून त्या दारात दोऱ्या बांधल्या गेल्या आणि त्यांवर कुणाचेही कपडे कुणाच्याही कपड्यांशेजारी वाळू लागले. बांधावरून वीस वर्षं न बोललेले भाऊ एका गॅसच्या शेगडीवर आले. समुपदेशक बाई येऊन सांगून गेल्या की गाव छान सावरतंय, आणि गंमत म्हणजे ते खरं होतं.

वैजनाथ बिराजदारच्या घरातून एकच जीव गेला होता. ईश्वरी, त्याची मुलगी, आठ वर्षांची. मे महिन्यातली दुपार, सव्वादोनचा सुमार. वैजनाथ शिवारात उन्हाळी भुईमुगावर ड्रोननं फवारणी करत होता. ड्रोन उडवणं हाच त्याचा धंदा, कधी औषध फवार, कधी पोती उचल. त्याची बायको रोहिणी तालुक्याच्या दूध शीतकरण केंद्रावर कामाला गेली होती. आई, समिंद्राबाई, अंगणात कडुलिंबाखाली पापडांची राखण करत बसली होती. उन्हाचा पारा सत्तेचाळीसवर, म्हणून ईश्वरीला तिनंच आत माळवदाच्या खोलीत निजवलं होतं. अठ्ठावीस सेकंद जमीन हलली. लिंब जागचा हलला नाही आणि पापडही मोडले नाहीत.

माळवद म्हणजे मातीचं धाबं. दगडमातीच्या रुंद भिंती, लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. एके काळी लोक लाजून माळवदं पाडत होते. पुढं उन्हाळे असे तापत गेले की स्लॅबच्या घरात दुपारी भाकरी भाजून निघावी, तेव्हा माळवदं पुन्हा मानाची झाली. रोहिणीला मात्र स्लॅबच हवा होता. घरकुलाची यादी लागली तेव्हा समिंद्राबाईनं नकार दिला होता. "स्लॅबखाली लेकरू भाजून निघंल. माळवद थंड असतंय," एवढंच ती म्हणाली होती, आणि वैजनाथनं आईची री ओढली होती.

आता रोहिणी सासूशी बोलत नव्हती. ताट वाढायची, पुढ्यात ठेवायची आणि बाहेर जाऊन बसायची. नव्या गावठाणात घराचा अर्ज भरायचा होता, त्यात राहणाऱ्यांची नावं लिहायची होती. वैजनाथनं तीन नावं लिहिली तर रोहिणीनं पेन काढून घेतलं.

"घर कशानं पडलं ते सांगणारा यंत्राचा कागद येऊ द्या," ती म्हणाली. "घर कसंही असतं तरी पडलंच असतं, असं त्यात आलं तर आत्याबाई माझ्या घरात सन्मानानं राहतील. मी पाया पडून माफी मागेन. आणि माळवदामुळं गेली असं आलं, तर एका छपराखाली मी राहणार नाही. त्या तरी किंवा मी तरी."

वैजनाथनं मान हलवली. आईला त्या कागदाचा धोका आहे, एवढंच तेव्हा त्याला वाटलं होतं.

यंत्र दिसायला पिठाच्या डब्याएवढं होतं. सरकारी नाव कणघड्याळ. ते घेऊन आलेल्या डॉ. हेमांगी वर्तक बोलायला साध्या होत्या. शाळेच्या मांडवात सगळ्यांना बसवून त्यांनी हातावर चिमूटभर माती घेतली.

"या मातीत गारगोटीचे बारीक कण असतात. कण मातीखाली अंधारात गेला की भोवतीच्या मातीतली किरणं त्याच्यात थोडी थोडी ऊर्जा साठवत राहतात. ही किरणं सगळ्याच मातीत असतात, अगदी नगण्य, घाबरू नका. कणाला पुन्हा ऊन लागलं की साठलेलं सगळं रिकामं होतं. अंधारात गेला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. आम्ही यंत्रात त्या कणावर प्रकाश टाकतो, तो किंचित चमकतो. चमक जितकी जास्त, तितके जास्त दिवस तो अंधारात होता. म्हणजे कणानं शेवटचं ऊन कधी पाहिलं ते कळतं."

ही युक्ती जुनीच होती. नदीचा गाळ कधी साचला, वस्ती कधी गाडली गेली, हे शोधायला भूगर्भाचे अभ्यासक ती वापरत आले होते, पण त्यात पन्नास-शंभर वर्षं इकडची तिकडं व्हायची. नव्या यंत्राची चूक एका हंगामापेक्षा जास्त नव्हती. ढिगाऱ्यातून छपराचे, भिंतींचे तुकडे काढायचे, कुठला थर कोणत्या साली चढला, कुठला दगड कधी हलवला, ते वाचायचं. मग संगणकात तेच घर उभं करायचं, भूकंपाची नोंद लावून ते पुन्हा पाडायचं, आणि एकेक गोष्ट वगळून पाहायचं की कशामुळं पडलं. प्रत्येक कुटुंबाला आपल्या घराचा कागद मिळणार होता. शासन निर्णयात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, कोणावरही कारवाई होणार नाही, माहिती फक्त पुढची घरं नीट बांधण्यासाठी.

"म्हंजी माती खोटं बोलत न्हाई म्हना," मागून सोपानकाका म्हणाले.

"नाही बोलत," बाई हसून म्हणाल्या.

वैजनाथ तेवढ्यावर उठून मांडवाबाहेर गेला. माळवदाची देखभाल म्हणजे दर मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, वर नवी पांढरी माती चढवायची, नाहीतर गळतं. पण त्याआधी मागल्या वर्षीची माती खोऱ्यानं खरवडून खाली टाकायची असते. हे निम्मं काम कुणालाच आवडत नाही. दोन दिवस उन्हात कंबर मोडायची आणि शेवटी छप्पर होतं तेवढंच. समिंद्राबाई ते हौसेनं करायची. ईश्वरी जन्मली त्या हिवाळ्यात म्हातारीचे गुडघे गेले, शिडी चढणं बंद झालं आणि माळवद वैजनाथकडं आलं.

त्यानं ड्रोन लावला. चाळीस किलोचं पोतं उचलून थेट छपरावर, तेहतीस खेपा, एका सकाळीत काम फत्ते. वर चढवायला ड्रोन होता, खरवडायला मात्र हातच लागत होते. पहिल्या वर्षी तो मनाशी म्हणाला, पुढच्या वर्षी दोन्ही थर एकदम काढू. पुढच्या वर्षी तेच म्हणाला. आई खालून विचारायची, खरवडलंस का, आणि हा वरून म्हणायचा, खरवडलं. आठ वर्षांत त्यानं एकदाही खोरं लावलं नव्हतं. भूकंपानंतरच्या तीन महिन्यांत ही गोष्ट त्याच्या मनात आलीच नव्हती असं नाही. आली की तो उठून बाहेर जायचा.

कागद येऊ लागले आणि गाव पाहता पाहता बदललं. एकानं मोटारसायकल आत घ्यायला दाराजवळचा खांब काढला होता, त्याखाली त्याची भावजय गेली. कागदावर खांब काढल्याचं साल आलं. त्याचा भाऊ शेगडी उचलून दुसऱ्या रांगेत राहायला गेला. नरहरी पाटलानं देव्हाऱ्यासाठी भिंतीच्या दोन्ही बाजू बांधून ठेवणारा आरपार दगड काढून कोनाडा केला होता. भिंत तिथूनच फुटली होती. त्याच्या बायकोनं देव टोपलीत भरून शेडाबाहेर ठेवले आणि नवऱ्याला म्हणाली, तुम्हीपण त्यांच्यासोबत बसा. कारवाई कुणावरच झाली नाही. सरकारनं शब्द पाळला. दारादारांतल्या दोऱ्या मात्र एकेक करून सुटल्या आणि ज्याचे त्याचे कपडे ज्याच्या त्याच्या पत्र्यावर गेले.

बिराजदारांचा कागद आला त्या दिवशी डॉ. वर्तकांनी तिघांना मांडवात बसवून घेतलं. मूल गेलेल्या घरांचे कागद त्या स्वतः वाचून दाखवत.

"तळाचा थर पासष्ट वर्षांपूर्वीचा आहे," त्या म्हणाल्या. "त्याच्या वरची मधली वर्षं सापडत नाहीत. म्हणजे तुमच्याकडं दरवर्षी खरवडून काढत होते. फार चांगली देखभाल होती. मग शेवटची सलग आठ वर्षं. आठ थर, एकावर एक, मधे खरवडल्याची खूण नाही."

"वजन किती होतं?" रोहिणीनं विचारलं.

"आठ थरांचं साडेदहा टन."

"ते नसते तर?"

बाईंनी कागद खाली ठेवला. "तुळई टिकली असती. आम्ही शंभर वेळा ते घर हलवून पाहिलं, चौऱ्याण्णव वेळा टिकली."

"आणि त्या वजनानं?"

"अकराव्या सेकंदाला मोडली."

रोहिणीनं बोटांवर काहीतरी मोजलं. "आठ वर्षं," ती म्हणाली. "तिच्या वयाएवढे थर. ती एकेक वर्षानं मोठी होत होती आणि तुम्ही तिच्या डोक्यावर एकेक थर घालत होता." तुम्ही म्हणजे कोण, ते तिनं सांगितलं नाही. दोघांकडंही पाहिलं नाही.

"म्हंजी माळवदाचा दोष नव्हता," समिंद्राबाई सावकाश म्हणाली. मग तिनं मान वळवून मुलाकडं पाहिलं. पाहणं थोडंच होतं, पण वैजनाथला कळलं की आईला कळलं.

कागदाच्या शेवटी एक ओळ रिकामी होती. देखभाल कोण पाहत होतं. "हे लिहिलंच पाहिजे असं नाही," बाई म्हणाल्या. "खरं तर नाही लिहिलं तरी चालेल." कवठाळीत दोन महिने काढल्यावर त्यांनाही त्या ओळीची भीती वाटू लागली होती.

"लिहा," रोहिणी म्हणाली. "नाव पाहिजे मला."

वैजनाथच्या तोंडात शब्द तयार होता, दोनच अक्षरांचा, मीच. बोलायला अकरा सेकंदांहून जास्त वेळ मिळाला त्याला. तो मांडवाच्या दोरीची गाठ बघत बसला.

"माझं लिव्हा," समिंद्राबाई म्हणाली. "पोरगं म्हनायचं खरवडू, मीच नको म्हनले. खरवडलं की गळंल असं वाटायचं मला. म्हातारपणी बुद्धी फिरती माणसाची. समिंद्रा शिवलिंग बिराजदार. लिव्हा."

बाईंनी लिहिलं. रोहिणी उठली, पदर नीट केला आणि मागं न बघता निघून गेली. संध्याकाळी घराच्या अर्जावर दोनच नावं होती, आणि दोन्ही रोहिणीच्या अक्षरात.

तालुक्याच्या आधारगृहात समिंद्राबाईला जागा मिळाली. जायच्या सकाळी रोहिणी लवकर कामावर निघून गेली होती. म्हातारी दोन लुगडी, चष्मा, तंबाखूची डबी आणि आपला जुना मोबाईल पिशवीत भरत होती. चार्जर कुठं सापडत नव्हता, म्हणून मोबाईल तिनं परत काढून फळीवर ठेवला.

"आई, मी सांगतो तिला," वैजनाथ म्हणाला. "आजच सांगतो."

"सांगू नकोस. तिचं लेकरू गेलंय, तिला कुनावर तरी राग काढू दे. माझ्यावर काढला तर मी जाते. तुझ्यावर काढला तर ती जाईल, मग तुला कोन हाय?"

वैजनाथला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची त्याला स्वतःचीच किळस आली. तरी हलकं वाटायचं थांबलं नाही.

"एक विचारू का रं," आई पिशवीची गाठ मारत म्हणाली. "खरवडलेली माती ड्रोननं नाल्यात टाकतो म्हनायचास. तो रिकामाच जायचा का?"

"रिकामाच जायचा," तो म्हणाला.

"मला आवाजावरनं वाटायचं तसं. भरलेला असला की जड वाजतंय ते."

"मग बोलली का नाहीस?"

"रोज राबून येतूस, तुला खोटं पाडायचं जिवावर आलं माझ्या." तिनं पिशवी खांद्याला लावून पाहिली. "म्हनून तर बाईंपुढं मी काय सगळं खोटं बोलले नाही. निम्मं माझंच हाय."

जीप आली. तिला चढताना वैजनाथनं हात दिला. तिनं तो धरला आणि गुडघ्यावर हात टेकून वर चढली.

नवं गावठाण माळावर झालं. एकसारखी घरं, सरळ रस्ते, दोन घरांमध्ये वीस फुटांचं अंतर. छप्पर उसाच्या चिपाडाच्या दाबलेल्या फळ्यांचं, पांढरं, उन्हाला परतवणारं आणि इतकं हलकं की पडलं तरी माणूस मरणार नाही. तसं घराच्या ताबापत्रात चक्क लिहिलेलं होतं. या छपरावर काही चढवायचं नव्हतं आणि काही खरवडायचंही नव्हतं. कणघड्याळानं गावाचं जेवढं भलं करायचं तेवढं केलं होतं.

दोघं चांगलं राहत होते, असं शेजारीही म्हणत. वैजनाथ भांडी घासायचा, रोहिणीच्या आधी उठून पाणी भरायचा. कधी नव्हे ते त्यानं इतकं काम केलं. महिन्यातून एकदा तो आधारगृहात जायचा, आणि परत आल्यावर रोहिणी विचारायची नाही आणि तो सांगायचा नाही. एकदा ती झोपण्यापूर्वी म्हणाली, "तुम्ही खरवडू म्हणत होतात ना. तेवढ्यावर मी तुमच्यासोबत राहतेय." तो हं म्हणाला.

ईश्वरीचं वर्षश्राद्ध आलं. पुन्हा मे, पुन्हा तसंच ऊन. भिंतीवर लावायला तिचा एक चांगला फोटो हवा होता. रोहिणीनं आपल्या मोबाईलमधले पाहिले, वैजनाथचे पाहिले. मग तिला सासूचा जुना मोबाईल आठवला, शेडातल्या फळीवरून सामानाबरोबर आलेला. दुपारभर ईश्वरी तोच घेऊन घरभर हिंडायची. रोहिणीनं शेजारून चार्जर आणून तो चालू केला.

वैजनाथ दुपारी जेवायला आला तेव्हा ती जमिनीवर बसली होती, पुढ्यात मोबाईल.

"बसा," ती म्हणाली. "फोटो सापडला नाही. हे सापडलं."

चित्र हलत होतं, कारण काढणारी पाच वर्षांची होती आणि एका हातानं शिडी चढत होती. शिडीचा दांडा, तिची आंब्यानं माखलेली बोटं, मग एकदम उजेड आणि माळवद. कोपऱ्यात लिंबाच्या फांदीची सावली. सावलीत वैजनाथ आडवा पडून मोबाईल बघत होता. शेजारी खोरं, कोरडं, स्वच्छ. पलीकडं पोत्यांतून रिकामी केलेली नवी पांढरी माती, जुन्या मातीवर सरळ ओतलेली.

"बाबा, काय करायलाव?" ईश्वरीचा आवाज आला. वर्षभर त्या घरात तो आवाज आला नव्हता.

चित्रातल्या वैजनाथनं मान वर न करता सांगितलं, "खरवडायलोय. जा, आजीला सांग, बाबा खरवडायलेत म्हणून."

खालून समिंद्राबाईची हाक आली, "वैजू, आधी खरवड रं, मग चढव. नुसतं वर वर टाकू नको."

आणि ईश्वरी शिडीवरूनच ओरडली, मोठ्या माणसांचा निरोप पोचवायला मिळाल्याच्या आनंदात, "आजी, बाबा खरवडायलेत!"

तिथं ते संपलं.

रोहिणीनं त्याच्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, ती वाट बघत होती. वैजनाथला ते कळलं. आता एक खरं वाक्य बोललं तर कदाचित ती रडेल, मारेल, आणि मग काहीतरी उरेल, हेही त्याला कळलं.

"तेव्हा जरा टेकलो होतो मी," तो म्हणाला. "नंतर खरवडलं होतं त्या वर्षी."

कपाटात कागद होता. त्यात आठही सालं होती, तेही साल होतं, थर जागच्या जागी. रोहिणीनं कागद काढला नाही. मोबाईल बंद करून पदराला बांधला आणि उठून पीठ घेतलं. तिनं भाकरी थापली, भाजली, दुसरी थापली, भाजली. दोन झाल्यावर तवा उतरवला. दोन्ही फडक्यात बांधल्या, वर ठेचा ठेवला, पायात चप्पल घातली.

"मी आत्याबाईंकडं चालले," दारातून ती म्हणाली. "त्या येते म्हणाल्या तर दोघी येऊ. तोवर तुम्ही तुमचं राहायचं कुठं होतंय ते बघा."

ती वीस फुटांच्या रस्त्यानं सरळ गेली. उन्हात तिची पाठ बराच वेळ दिसत होती, कारण त्या गावात आडोसा म्हणून कुठं ठेवलेलाच नव्हता. वैजनाथ घरात परत येऊन बसला. वर ते पांढरं, हलकं छप्पर होतं, पडलं तरी माणूस न मारणारं, आणि तो त्याच्याखाली बसून राहिला.